म्हशीला ढेप, बाळंतिणीला पथ्य



नांदगाव पेठेपासून अकोल्यापर्यंत कोणत्याही गावात जा आणि व्यालेल्या म्हशीला काय घालावे ते विचारा. पारावर बसलेला नापास पोरगाही सांगेल. पोटापुरते कडबा-कुटार वेगळे आणि दुधाचा खुराक वेगळा. दोन लिटर दुधामागे किलोभर ढेप, नाही तर भरडा. पाणी पाजायला हात आखडायचा नाही. पहिला चीक वगाराच्या पोटात गेल्याशिवाय धारेला बसायचे नाही. हे आपल्याला कोणत्या कृषी विद्यापीठाने शिकवलेले नाही. जे घालाल ते निघेल, न घालता निघाले तर जनावर खंगेल, हा साधा हिशेब आहे.

आता त्याच घरात या. भिंतीपलीकडे बाज टाकली आहे, सून बाळंत झाली आहे. तिच्या ताटात काय आहे? पाणी कमी द्या, पोट सुटते. ताक नको, थंड. केळे नको, लेकराला सर्दी होते. वरण नको, वातूळ. वांग्याचे तर नाव काढू नका. पालेभाजी खाल्ली की लेकराला हिरवी शी होते. मग उरले काय? कोरडी भाकर, जिऱ्याची फोडणी दिलेला भात, जमले तर तुपाचा थेंब. पहिली खेप असली आणि माहेरची ऐपत असली तर डिंकाचे-मेथीचे लाडू, अळीव, खारीक-खोबरे, बाळंतशेपा. तेही पंधरा दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लाडूही नाहीत, आणि पुन्हा मुलगीच झाली असली तर लाडवाची गोष्ट काढायची कोणाची छाती होत नाही.

आम्ही चालीरीतींची टवाळी करायला बसलेलो नाही. आपल्या आज्यांनी घालून दिलेल्या सव्वा महिन्यात शहाणपण होते. सव्वा महिना कामाला हात नाही, अंगाला तेल, पोटात तूप-गूळ-डिंक, लेकरू सतत कुशीत. पण त्या रीतीचे आपण काय केले ते पाहा. लाडवाला पैसे लागतात, विश्रांतीला बदली माणूस लागतो. पथ्य फुकट पडते. म्हणून लाडू गेले, विश्रांती गेली आणि पथ्य तेवढे टिकले. आता त्यालाच आपण परंपरा म्हणतो.

चिकाचेही तसेच. गाय-म्हैस व्याली की चीक वगळला तर वासरू हगवणीने जाते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे. बाईचा चीक मात्र ‘घाण दूध’, तो पिळून टाकायचा, आणि लेकराला गुळाचे पाणी, मध, साखरपाणी चाटवायचे. तो पिवळा चीक म्हणजे लेकराची पहिली लस आहे. जन्मल्यापासून तासाभरात लेकरू अंगावर लागले पाहिजे आणि सहा महिने त्याला आईच्या दुधाखेरीज काही नको. घुटी नको, पाणीसुद्धा नको. वैशाखातल्या आपल्या उन्हातही नको, कारण त्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. पाणी हवे आहे ते आईला. तिचेच पाणी तोडून लेकराला चमच्याने पाणी पाजणे हा प्रकार म्हशीच्या बाबतीत कोणी केला तर गाव हसेल.

आता हिशेबाला बसू. पहिल्या सहा महिन्यांत बाई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध देते. सहा महिन्यांचे झाले १३५ लिटर. हे दूध तयार करायला तिला रोजच्या जेवणावर ६०० उष्मांक आणि सतरा-अठरा ग्रॅम प्रथिने जादा लागतात. देशाच्या पोषण संस्थेने ठरवलेला हा आकडा आहे. ६०० उष्मांक म्हणजे काही काजू-बदाम नव्हे. ज्वारीची एक जादा भाकर, एक वाटी तुरीचे घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि दोन चमचे तेल. झाले ६००. वर हिरवी भाजी, ताकाचा पेला आणि चालत असेल त्या घरी एक अंडे. लिंबाची फोड पिळली तर भाजीतले लोह अंगी लागते. एवढेच. एवढे आपल्याला देता येत नाही असे म्हणणाऱ्या घरातही ढेपेचे पोते आणलेले असते.

आणि तिला हे दिले नाही तर काय होते? इथे लोकांच्या मनात दोन समजुती आहेत. दोन्ही खोट्या आहेत आणि दोन्हींचा मार बाईलाच बसतो.

पहिली समजूत: ‘तिच्या अंगात काई नाई, तिले दूध कुठून येईन? डबा आना.’ हे साफ चूक आहे. डॉ. सी. गोपालन यांनी १९५० च्या दशकात गरीब घरच्या बायांच्या दुधाची मोजदाद केली. अपुरे खाणाऱ्या बायाही महिनोन्‌महिने पाजत राहतात आणि त्यांच्या दुधाचा कस फारसा ढळत नाही, असे त्यात दिसले. दूध आटते ते मुख्यतः लेकरू पुरेसे चोखत नाही म्हणून. जितके चोखेल तितके येईल, आणि रात्रीचे पाजणे त्यात सगळ्यांत मोलाचे. डबा आणला की लेकरू कमी चोखते, कमी चोखले की दूध आटते, आणि मग सगळे म्हणतात, पाहा, आम्ही म्हणतच होतो. डब्याची किंमत परवडत नाही म्हणून त्यात पाणी वाढते. ते पाणी नळाला चार-आठ दिवसांनी येणारे, रांजणात साठवलेले. बाटली धुवायची कशी, तर त्याच पाण्याने. पुढची वाट दवाखान्याची. जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ साली या डब्यांच्या जाहिरातींवर आचारसंहिता घातली, आपल्या देशाने १९९२ साली कायदा केला, २००३ साली तो आणखी कडक केला. जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डॉक्टर-नर्सना भेटी द्यायच्या नाहीत. कायदा चांगला आहे. पण बाळंत झालेल्या बाईला दुसऱ्याच दिवशी ‘वरचे चालू करा’ असे घाईने सांगणाऱ्याला कायदा कुठे दिसतो? पाजायला कसे घ्यायचे ते शिकवायला अर्धा तास लागतो, चिठ्ठी लिहायला अर्धे मिनिट.

दुसरी समजूत याच्या उलट आहे आणि ती आपल्या घरातली आहे: ‘दूध येऊन राह्यलं ना? मग तिले काय झालं?’ दूध येते, बरोबर. पण ते कशातून येते? ताटातून आले नाही तर तिच्या अंगातून येते. हाडांतला चुना, स्नायूंतले मांस, अंगावरची चरबी, सगळे झिजून ते दूध होते. म्हैस भाकड झाली की विकता येते. बाई खंगलेल्या अंगाने पुन्हा वेचणीला जाते आणि त्याच अंगाने पुढच्या लेकराला पोटात घेते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघाले, आणि पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६९ लेकरांच्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. लेकराच्या अंगातला लोहाचा साठा आईच्या पोटातच भरला जातो, बाहेर आल्यावर दूध तो भरून काढू शकत नाही.

काही गोष्टी तर आईने खाल्ल्या तरच दुधात उतरतात. अ जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वे आणि आयोडीन. आपल्याकडे माळकरी घरे पुष्कळ. मांस नाही, अंडे नाही. तिथे ब-१२ मिळायचे ते दूध-दही-ताकातूनच. आणि बाळंतिणीला पहिली बंदी कशाची? दही-ताकाची! अशा आईचे लेकरू चार-सहा महिन्यांपर्यंत बरे दिसते, मग सुस्त पडते, मान धरत नाही, कधी हातपाय थरथरतात. घरचे म्हणतात नजर लागली. नजर नव्हे, ताकाचा पेला लागला.

पण सगळे खापर सासूच्या डोक्यावर फोडून शहरातली मंडळी मोकळी होतात तशी आम्हाला व्हायचे नाही. ‘अडाणी बायांना आहाराचे ज्ञान द्या’ हा त्यांचा आवडता मंत्र आहे. तक्ता घेऊन गावात येतात, तक्त्यावर सफरचंद, पनीर, सुकामेवा. आम्ही विचारतो, तुमचा तक्ता यायच्या आधी या मुलखात बाळंतीण कशावर जगत होती?

आमच्या वावरावर जगत होती. वीस-तीस वर्षांपूर्वीचे वऱ्हाडातले वावर आठवा. पऱ्हाटीत तुरीचे तास, ज्वारीत मूग, उडीद, बरबटी, धुऱ्याला अंबाडी आणि तीळ, एखाद्या पट्ट्यात जवस. ज्वारीत एका प्रथिनाची उणीव असते, ती तुरीमुगाचे वरण भरून काढते. तिळात चुना, जवसात तेल, अंबाडीच्या भाजीत लोह. कोणी तक्ता लावला नव्हता, पण तासांतासांतून बाळंतिणीचे ताट पेरले जात होते. आणि ज्वारीबरोबर कडबा येत होता. कडब्यावर दारात दोन जनावरे होती. जनावरांमुळे घरात ताक होते, तूप होते.

ती ज्वारी का गेली? शेतकऱ्याला शहाणपण आले म्हणून नाही आणि सोयाबीनचे वेड लागले म्हणूनही नाही. दुष्काळाच्या काळात सरकारने ज्वारीवर लेव्ही बसवली, शेतकऱ्याच्या दारातून पडत्या भावाने ज्वारी उचलली. पुढे रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ स्वस्त केला, आता २०२३ पासून तो फुकट आहे. ज्याच्याशी भावात लढताच येत नाही असा गिऱ्हाईक-तोड्या सरकारनेच शेजारी आणून बसवला. वर रानडुकरे, रोही आणि पाखरे. राखणीला माणूस नाही. ज्वारी गेली, तिच्यासोबत तिच्या पोटातले मूग-उडीद-बरबटी गेली, कडबा गेला, जनावरे गेली, ताक गेले. सोयाबीनचे पोते सरळ अडत्याकडे जाते. त्यातले घरात काही उरत नाही, तेल निघून परत येते ते पिशवीतून. तुरीची डाळही पुष्कळ घरांत आता दुकानातून येते, आपलीच तूर, गिरणीतून फिरून, दुप्पट भावाने. गोऱ्या कागदावर याला ‘पीकपद्धतीतील बदल’ म्हणतात. आमच्या घरात याला बाळंतिणीचे रिकामे ताट म्हणतात. उपास आमच्या बायांच्या पाचवीला सटवाईने पुजला नाही, तो धोरणाने पुजला आहे.

आपल्या भागातल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. ते थांबवून २०२३ साली माणशी महिना १५० रुपये करण्यात आले. तेव्हाचे दिवसाचे पाच रुपये. हे पैसे खात्यात येतात, खाते बहुतेक बाईच्या नावाचे असते हे खरे, पण एवढ्यात वाटीभर डाळ येत नाही.

आता या पेठेच्या रस्त्यावर उभे राहून एक देखावा पाहा. हमरस्त्याच्या एका अंगाला औद्योगिक वसाहत. तिथेच २०२३ साली जाहीर झालेले पीएम मित्र वस्त्रोद्यान व्हायचे आहे, २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याहून त्याची पायाभरणी झाली. दुसऱ्या अंगाला आपली वावरे. वावरातला कापूस कारखान्यात जातो. कारखान्यात सूत काढणारी बाई बाळंत झाली तर तिला पगारी रजा मिळते. १९६१ च्या कायद्याने ती बारा आठवड्यांची होती, २०१७ साली ती २६ आठवड्यांची झाली, आणि आता ती तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. लेकरू पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजायला दोन वेळा सुट्टी. पन्नास माणसे कामाला असली तर पाळणाघर. मिळालेच पाहिजे, ते तिचे हक्काचे आहे. आमचे त्याला काही म्हणणे नाही. पण तोच कापूस वेचणारी बाई? सव्वा महिना झाला की, कधी त्याच्याही आत, कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत. लेकरू धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोळीत, नाही तर घरी म्हातारीजवळ. सकाळी सातला निघाली की दुपारपर्यंत छाती दाटून पोलके ओले होते, दूध मातीत गळते आणि घरी म्हातारी लेकराला बिस्कीट पाण्यात कालवून देते. वेचणी किलोवर, म्हणून पाजायला बसले तर मजुरी बुडते. आणि स्वतःच्याच वावरात वेचत असेल तर मजुरीही नाही आणि रजा द्यायला मालकही नाही. मालक ती स्वतःच! निदान सातबाऱ्यावर नाव असले तर. लक्ष्मीमुक्तीच्या दिवसांत सातबाऱ्यावर बाईचे नाव लावण्याची गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने केली. ताटाची गोष्ट राहूनच गेली.

म्हणे शेतकरी बायांसाठीही कायदा आहे. आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याचे चौथे कलम सांगते की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा बाईला, ती सरकारी नोकरीत नसेल तर, किमान ६००० रुपये मिळतील, आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळेल. आहार किती? ६०० उष्मांक, १८ ते २० ग्रॅम प्रथिने. म्हणजे वर मांडला तोच हिशेब सरकारलाही पाठ आहे. मग झाले काय? २०१७ साली मातृवंदना योजना आली, तीत ६००० चे ५००० झाले आणि ‘प्रत्येक’चे ‘पहिल्या लेकराला’ झाले. २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६००० अशी भर पडली. दुसरा मुलगा झाला तर आई दूध पाजत नाही, असा बहुधा दिल्लीचा समज असावा. कारखान्यातल्या बाईच्या रजेचे दिवस होतात १८२. पाच हजाराला १८२ ने भागा. सत्तावीस रुपये रोज.

आणि आहार? बंद पाकिटे. त्यातले चवीला कोणाला धकत नाही म्हणून घराघरांतून ती पाकिटे कुठे जातात हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. म्हशीच्या आंबोणात! २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार हटवा असे सांगितले; २०१९ साली त्याच न्यायालयाला महाराष्ट्राचे ठेके पुन्हा रद्द करावे लागले. यावरून काय ते समजा. आपल्याच जिल्ह्यात धारणी-चिखलदऱ्याच्या बाळंतिणीला डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरम जेवण मिळते. आदिवासी भागासाठी ती योजना २०१५ साली सुरू झाली. मेळघाटात लेकरे पानांसारखी गळली, तेव्हा कुठे सरकार तिथवर पोचले. तिथले जेवण कमी करा असे आम्ही कधीच म्हणणार नाही, उलट ते नीट आणि रोज मिळाले पाहिजे. पण घाट उतरून खाली आले की कोरडवाहू शेतकऱ्याची बाळंतीण सुखवस्तू कशी काय होते? इथेही लेकरे गळल्याशिवाय ताट वाढायचे नाही, असा नियम आहे काय?

आपल्यातले काही जण म्हणतील, भाव मिळाला की हे सगळे आपोआप सुटेल. भाव मिळालाच पाहिजे, त्यावर आमची माघार नाही. पण २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वर्षी गावात मोटारसायकली किती आल्या ते सगळ्यांना आठवते. बाळंतिणीच्या ताटात वाटीभर वरण किती घरांत वाढले, ते कोणी सांगेल काय? भावातून आलेला पैसा आपसूक ताटात उतरत नाही. तो कोणीतरी उतरवावा लागतो.

आणि दुसरे म्हणतील, बाई सहा महिने घरी बसली तर कापूस वेचायचा कोणी? रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर खर्चात आहे. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो. तिचा आकडा किती तोकडा असतो, ते आपण गेली कितीतरी वर्षे ओरडून सांगतो आहोत. त्यात हेही धरा. वेचणाऱ्या घरची बाई बाळंत झाली तर सहा महिने तिच्या जागी लावलेल्या बदली मजुराचा रोज हा कापसाच्या उत्पादन खर्चाचा भाग आहे. सूतगिरणीवाला आपल्या कामगारणीची रजा सुताच्या खर्चात धरतो आणि आपण वापरतो त्या कापडातून ती वसूलही करतो. मग आपल्या कापसाच्या खर्चात ती का धरायची नाही?

हे सरकारकडे मागायचे. घरात मागायला कोणाचा मोर्चा लागत नाही. पऱ्हाटीत दोन तास तुरीचे आहेतच, त्यात घरापुरते मूग, बरबटी, तीळ पेरा. ती तूर विकण्याआधी पोतेभर बाजूला काढून ठेवा, बाळंतिणीच्या नावाने. तिचे पहिले ताट वाढा, शेवटचे नको. वरण-भाजी-ताक सगळे वाढा. लेकराचे पोट दुखते ते आईच्या वरणाने नव्हे. सव्वा महिन्यात वेचणीला धाडू नका. जाणे भागच पडले तर लेकरू सोबत जाऊ द्या, आणि ती पाजायला बसली की मुकादमाने घड्याळ पाहू नये.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक यादी आणावी. दसऱ्यापासून आजवर गावात किती बाया बाळंत झाल्या. त्यातली प्रत्येक बाई कितव्या दिवशी वावरात गेली. कायद्यातले ६००० किती जणींना मिळाले, किती मिळाले, कोणत्या कागदासाठी अडले. अंगणवाडीचे पाकीट कोणाच्या पोटात गेले. यादी बायांनी करावी, पुरुषांनी लिहून आणू नये. नावे नकोत, आकडे हवेत. बैठकीत कापसाच्या भावाचा ठराव नेहमीप्रमाणे पहिला असतो. या खेपेला ही यादी त्याच्या आधी वाचली जाईल.